तपकिरी सावलीचा बर्फ

बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन पडलं की ती केस मला हमखास आठवते. बायको म्हणते, आधी ड्राइव्हवे शोव्हल करा, मग गोष्टी सांगा. पण ऐकणारा नवा असला की मी फावडं भिंतीला टेकवून ठेवतो.

तेव्हा मी कॅनडात, मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हाल शहरात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो, फसवणूक आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांच्या विभागात. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्या थोर फ्रेंच चित्रकारामुळे हे घडलं त्याचंही नाही. फाइलीत नाव आलं की माणूस साक्षीला ओढला जातो, आणि तो बिचारा कधीच वारला आहे.

सुरुवात एका फोनने झाली. मार्चच्या एका सकाळी स्टेशनच्या स्वागतकक्षात कुणीतरी कळवलं की अमुक गल्लीतला फ्रेम करणारा भारतीय माणूस अस्सल चित्रं ठेवून घेतो आणि नकला परत देतो. गल्ली, दुकान, माणूस, पद्धत, सगळं त्या एका फोनमध्ये होतं. खरे खबरी असे बोलत नाहीत. ते अर्धं सांगतात, उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्हाला फिरवतात. खबर इतकी इस्त्री केलेली होती की ती मला आवडली नाही.

दुसऱ्याच दिवशी तक्रारदार हजर झाला. नदीकाठच्या मोठ्या घराचा मालक, मफलरसुद्धा घडी घालून हातात धरणारा. त्याच्या वडिलांनी मागे ठेवलेलं एक फ्रेंच चित्र होतं: बर्फाने झाकलेलं कुंपण आणि त्यावर पडलेलं तिरकं ऊन. चित्रावर त्याचा आणि त्याच्या बहिणीचा सारखाच हक्क. बहिणीने तज्ज्ञ बोलावला आणि तज्ज्ञ म्हणाला, ही नक्कल आहे. मालकाने जबाबात लिहून दिलं की गेल्याच महिन्यात नव्या फ्रेमसाठी त्या दुकानात पाठवेपर्यंत अस्सल चित्र एक दिवसही भिंतीवरून उतरलं नव्हतं.

संशयित कोल्हापूरचा निघाला. तिथल्या कलाशाळेत शिकलेला, चाळिशीचा, भरघोस मिशा, हातावर कायम रंगाचे डाग. वर्क परमिटवर आलेला, पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यात. बायको आणि मुलगी गावी कागद येण्याची वाट बघत होत्या. फसवणुकीचा गुन्हा लागला असता तर अर्ज बुडाला असता आणि त्याला परतीच्या विमानात बसावं लागलं असतं.

वकिलाशी फोनवर बोलून झाल्यावरही तो म्हणाला, मला बोलायचंय. कॅमेरा सुरू झाला. तपासातली माझी जोडीदार समुद्रकाठच्या गास्पेझी भागातल्या बर्फात वाढलेली, पक्की क्युबेकवाली. तिला मराठी येत नव्हतं. मी मराठीत विचारत होतो आणि तिला थोडक्यात फ्रेंचमध्ये सांगत होतो. माझं फ्रेंच नागपुरी वळणाचं आहे. ती म्हणायची, तुझं भाषांतर ऐकून आरोपी घाबरून गुन्हा कबूल करतात.

त्याचं म्हणणं साधं होतं. नक्कल त्याचीच. पण आत्ताची नव्हे. कॅनडात आल्यावर पहिल्याच सप्टेंबरात मालकाने एक फोटो देऊन ती काढून घेतली होती, ऑफिसात लावायला म्हणून. मूळ चित्र त्याने कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि आता फ्रेमसाठी जे आलं ते त्याचंच जुनं काम होतं.

"मग दुकानात आलं तेव्हा ओळखलं नाही का?"

"स्वतःचं पोर ओळखणार नाही होय, साहेब? मला वाटलं, साहेबाला काम आवडलं, म्हणून भारी फ्रेम करतोय."

व्यवहार तोंडी होता, साक्षीदार नव्हता आणि मालक साफ नाकारत होता. जोडीदार म्हणाली, गोष्ट छान आहे, न्यायाधीशही छान म्हणतील आणि शिक्षा देतील.

मग मी अभ्यासाला बसलो. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली, मॉन्ट्रियलच्या संग्रहालयात एक शनिवार घालवला. जुने चित्रकार स्टुडिओत बसून सावलीला सरळ तपकिरी नाहीतर काळा रंग लावायचे. मग पॅरिसच्या काही पोरांनी रंगपेट्या उचलल्या आणि उघड्यावर जाऊन बसली. त्यांनी बर्फाकडे नीट पाहिलं तर सावली काळी नव्हतीच, निळी होती, जांभळी होती. लोक हसले. 'इम्प्रेशनिझम' हे नाव आधी टवाळीने दिलेलं, नंतर तेच मानाचं झालं. त्यांच्या पाठोपाठ ठिपक्यांनी चित्र भरणारा आला, पिवळ्या रंगाने पेटलेला तांबड्या दाढीचा डच आला, मग चेहरा एकाच वेळी समोरून आणि बाजूने दाखवणारे क्यूबिझमवाले. हे शेवटचं वाचून मला धन्य वाटलं. अटकेनंतर आम्ही पोलीस नेमके तसेच फोटो काढतो, फक्त आम्हाला कुणी थोर म्हणत नाही.

दुसऱ्या चौकशीला मी मुद्देमालातलं चित्र मागवलं आणि मोठ्या खिडकीच्या खोलीत इझलवर ठेवलं. चित्रकार आला. त्या थोर फ्रेंच माणसाचं नाव निघालं की हा कानाला हात लावायचा, गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसा. झाडांबद्दल भरभरून बोलला, आकाशाबद्दल बोलला, ब्रश कसा फिरवला ते हवेत फिरवून दाखवलं. पण माझ्या एक लक्षात आलं. तो दर वेळी चित्राच्या डाव्या बाजूला असा उभा राहायचा की खालचा कोपरा त्याच्या अंगाने झाकला जावा. मी त्याला खुर्चीत बसवलं, तर नजर आकाशावरून कुंपणावर यायची आणि तिथूनच परत फिरायची.

इतक्या वर्षांत खोटं बोलणारे मी भरपूर पाहिले होते. ते डोळ्यांत डोळे घालतात, जरा जास्तच घालतात. एकाच जागेपासून नजर चोरणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचं तिथे काहीतरी दुखत असतं. म्हणून मी सोंग घेतलं. उठलो, चित्राजवळ गेलो, तो कोपरा बोटाने दाखवला आणि मान डोलावली.

"बाकी काही म्हणा, हा बर्फ मात्र अप्रतिम जमलाय. सगळ्यात भारी जागा हीच."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"थोर माणसालासुद्धा असा जमला नसता," मी आणखी रेटलं.

"साहेब, हात जोडतो, गप्प बसा," तो उठलाच. "हा बर्फ आहे? ही चुलीतली राख आहे. तो बाहेरचा बघा की." खिडकीबाहेर पार्किंगमध्ये बर्फ हटवणाऱ्या प्लाऊने लोटलेला ढीग होता, त्यावर ऊन पडलं होतं. "सावली कशी आहे? निळी. आणि मी काय लावलंय? तपकिरी. पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो होता तो. त्यात दिसलं ते लावलं. कोल्हापुरात कुठला बर्फ? सप्टेंबरात इथं तरी कुठला? आयुष्यात बर्फ बघितला नव्हता मी. डिसेंबरात पहिल्यांदा बघितला आणि त्या रात्री जेवलो नाही."

"मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

तो खाली बसला. हातावरचा रंगाचा डाग नखाने खरवडत म्हणाला, "स्वतःच्या तोंडाने कसं सांगू, साहेब? फ्रेम करताना दुरुस्त करायला ब्रश हातात घेतला होता. पण दिलेल्या चित्राला हात लावायचा नसतो."

मी जोडीदाराला भाषांतर करून सांगितलं. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, पहिल्या दिवसापासून मला काहीतरी खटकत होतं. हा बर्फ आमच्या गावचा नाही.

पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे. दोन हिवाळे इथे काढलेला, नजर असलेला चित्रकार गेल्या महिन्यात असा बर्फ काढणार नाही, हे आम्हाला पटलं होतं. कोर्टाला पटवायचं तर चित्र कधीपासून भिंतीवर आहे ते दाखवायला हवं होतं. मी मालकाच्या बहिणीला गाठलं. प्रत्येक नाताळला भर दुपारी त्या चित्राखाली कुटुंबाचं जेवण व्हायचं आणि ती फोटो काढायची. फोनमधले फोटो तिने एकेक सरकवून दाखवले. आधीच्या वर्षांत कुंपणाची सावली निळी होती. दोन नाताळांपूर्वीच्या फोटोत, म्हणजे फ्रेमच्या कितीतरी आधी, तीच सावली तपकिरी झाली होती. तो चित्रकाराचा इथला पहिला डिसेंबर.

मालकाला बोलावलं. आधी त्याचा जबाब त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला: फ्रेमपर्यंत अस्सलच होतं, एक दिवसही हललं नाही. मग दोन फोटो टेबलावर ठेवले. तो हसला आणि म्हणाला, उजेडाचा फरक आहे. हा प्रश्न मी घरी स्वतःला विचारून आलो होतो. मी म्हणालो, दोन्ही फोटोंतला टेबलक्लॉथ बघा. तोच भरतकाम केलेला कपडा, दोन्हीकडे सारखाच पांढरा. उजेड बदलला असता तर तोही तपकिरी झाला असता.

त्याने मफलरची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि वकील मागितला.

अस्सल चित्र त्याने बहिणीला न सांगता परदेशी विकलं होतं. बहीण तज्ज्ञ आणणार हे कळल्यावर त्याने नक्कल मुद्दाम त्याच माणसाच्या दुकानात पाठवली, म्हणजे आळ आपोआप त्याच्यावर यावा. पहिला फोन कुणाचा हे कधी सिद्ध झालं नाही. माझं मत मी राखून आहे.

खटल्यात चित्रकाराची साक्ष झाली. मालकाच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला: म्हणजे तुम्ही वाईट चित्रकार आहात, हे शपथेवर कबूल करता? दुभाष्याने मराठीत विचारलं. मी मागच्या बाकावर होतो आणि मला धडकी भरली होती, कारण हा माणूस तुरुंग पत्करेल पण 'हो' म्हणणार नाही, असं मला वाटत होतं. त्याने कानाला हात लावला, न्यायाधीशांकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या सप्टेंबरात होतो. आता नाही."

मालक दोषी ठरला. पुढच्या वर्षी चित्रकाराची बायको आणि मुलगी विमानतळावर उतरल्या तेव्हा मी माझी गाडी घेऊन गेलो होतो. पोलिसाने तसं जावं की नाही, ते नियमात कुठे लिहिलेलं नाही.

माणूस गुन्हा लपवतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. माणूस आपलं कच्चं काम त्याहून जास्त जिवापाड लपवतो, अगदी ते उघड झाल्याने सुटका होणार असली तरी, हे मला या केसने शिकवलं. पुढच्या सगळ्या नोकरीत समोरचा गप्प बसला की मी आधी स्वतःला विचारायचो: हा घाबरलाय, की लाजतोय? निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठांनी माझ्या मोठमोठ्या केसेस वाचून दाखवल्या. ही त्यात नव्हती. म्हणून मी उठून माइक घेतला आणि ती स्वतः सांगितली, टेबलक्लॉथसकट.