कंपनीच्या काचेवर वड्या

जावेचं चांगलं झालेलं कोणाला बघवतं? खोटं कशाला बोलू, मला तरी बघवत नाही. चिमूरला आमचं घर मूळचं एकच, पण सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधून भिंत घातली. खाली दोन दारं झाली, दोन स्वयंपाकघरं झाली. वर गच्ची मात्र अजून सलग आहे, मधोमध विटांची एक ओळ तेवढी. ओळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटा दीर आणि माझी जाऊ. सासूबाई आमच्या वाटणीला आल्या. म्हणजे त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं, "मी मोठीच्या घरी राह्यतो, तिच्याशी माह्यं जमते." हे वाक्य मी जावेला नंतर किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

मग सोलरचं वारं आलं. दोन्ही घरांनी एकाच उन्हाळ्याच्या तोंडाशी पॅनल लावले. आमच्या ह्यांना नळाचा वायसरसुद्धा बदलायचा जीवावर येतो. ते म्हणाले, "विकत घेऊन डोकं कोण लावते? भाड्यानं बसवू. पुसणं त्यायचं, दुरुस्ती त्यायची. आपण विजेचे पैसे भरायचे न् गप बसायचं." दीर गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात फिटर. हातात कसब, त्यामुळे त्याने स्वतःचेच घेतले. त्यासाठी जावेने सोन्याची एकदाणी मोडली.

"काचेसाठी सोनं मोडलं? बाप्पा!" मी म्हणाले.

"सोनं पेटीतच पडून होतं जाऊबाई. हे दिसते तरी," ती म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणंच मला खुपतं.

दिराने सुट्टीच्या दिवशी स्वतः अँगल कापून उंच सांगाडा केला. खाली माणूस सरळ उभा राहील एवढा. आमचे पॅनल कंपनीने वीतभर उंचीवर ठोकले आणि आमचा अर्धा भाग पार भरून टाकला. पण सुरुवातीला मीच वर होते. एकदा वानरांची टोळी आली आणि त्यांच्या एका पॅनलला तडा गेला. दीर कपाळाला हात लावून बसला. मी तोंडाने "अरे अरे, कसं झालं" म्हणत होते, पण आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. आमचं फुटलं असतं तर? एक फोन, की कंपनी नवीन लावून जाणार. मी हे गल्लीत चार घरी सांगून आले.

होळी झाली आणि सासूबाईंनी लाखोळीची डाळ भिजत घातली. त्यांच्या वड्या म्हणजे आमच्या घराची शान. दरवर्षी त्या गच्चीवर जुनं धोतर अंथरून वड्या टाकायच्या. आता धोतर अंथरायला जागा कुठे? पण बाई हुशार. त्यांनी पॅनलला हात लावून पाहिला, काच तव्यासारखी तापलेली. झालं! काचेवर धोतर टाकलं, चारी टोकं सांगाड्याला बांधली आणि ओळीने वड्या घातल्या. मला हाक मारून वर बोलावलं. "पाह्य वो, तीन दिवसाचं काम एका दिवसात होते!" चेहरा असा फुललेला, की मलाही कौतुक वाटलं.

तेवढ्यात कंपनीचा फोन आला. कोणत्या छतावर किती वीज होते ते त्यांना चंद्रपुरात बसून मोबाइलवर दिसतं म्हणे. आमची एकदम उतरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन जिना चढला, काचेला चिकटलेलं पीठ बघितलं. बोलला नरमाईनेच, "बाई, पॅनलवर काही ठेवता येत नाही, करारातच आहे तसं." पण विटांच्या पलीकडे जाऊ उभी होती. वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा झटकत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो निघाला सासूबाईंवर.

"आई, किती वेळा सांगू, हात नका लावत जाऊ त्याले! आपलं नाई ते, कंपनीचं आहे!"

सासूबाई धोतराच्या गाठी सोडू लागल्या.

पलीकडून आवाज आला, "आई, इकडं टाका जी. आपलंच आहे."

आपलंच आहे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"अवो, तुही वीज कमी होईन," मी म्हणाले.

"होऊ द्या ना. बिल थोडं जास्त येईन, वड्या तर खाऊ."

सासूबाई धोतराचं गाठोडं घेऊन विटांची ओळ ओलांडून गेल्या. वड्या म्हटल्या की वानरं आलीच, म्हणून राखणीला काठी घेऊन बसल्या. बसायला उंच पॅनलखाली सावली होतीच, मग तिथे बाज गेली. दुपारी जिना चढउतर नको म्हणून जेवण तिथेच. जेवण कोणाकडचं? जावेकडचं. वड्या झाल्या, मग कुरड्या, मग चिंच, मग त्यांच्या माहेरच्या गावाहून मोहफुलं आली, तीही तिथेच वाळली. बाज काही परत आली नाही. एक दिवस उशी आणि लुगडीही पलीकडे गेली. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, चार माणसं बोलावून निवाडा करता आला असता.

रोज कठड्यावर कपडे वाळत घालताना मी बघायचे. जाऊ त्यांच्या डोक्याला तेल लावते, त्या तिला कसलीशी जुनी गोष्ट सांगतात आणि दोघी खिदळतात. इतकी वर्षं ते डोकं माझ्या हातात होतं! तिच्या उरलेल्या विजेने मीटर उलटं फिरतं म्हणे, त्याचंही मला काही वाटेनासं झालं. चालू दे बाई तुझं मीटर उलटं-सुलटं, माझी सासू दे.

मी कंपनीला फोन केला, आमचे पॅनल उंच करून द्या. करारात बसत नाही म्हणे. मग काढूनच न्या. तेही बसत नाही म्हणे. "मुदत संपली की तुमचेच होतील ना बाई," तो माणूस समजावत होता. ऐंशी गाठलेल्या म्हातारीसाठी मी भांडत होते आणि हा मला मुदत सांगत होता. मी फोन आपटला.

शेवटी विटांची ओळ ओलांडून गेले. सासूबाई मोहफुलं खालीवर करत होत्या.

"आई, घरी चला जी. माझ्याच काचेवर वाळवा. कंपनीशी मी पाह्यून घेतो."

"नोको बाई, तुह्यावर बोल येईन," त्या म्हणाल्या. मग हात न थांबवता म्हणाल्या, "तिथी जिना चढलो का मले धाकच वाटे, कशाले हात लागते का काय. इथी कोणी काई म्हणत नाई."

चार शिव्या दिल्या असत्या तर मीही आठ दिल्या असत्या.

काल संध्याकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. दारात सासूबाई. स्वतःच्याच घराची कडी वाजवून उंबऱ्याबाहेर थांबलेल्या. हातात वाटी, वर ताटली झाकलेली.

"वड्यायची भाजी केली. म्हटलं तुमच्या इथी द्यावं."

"आत या ना, आई."

"नाई, दूध ठेवलं आहे गॅसवर."

गेल्या. भाजी आम्ही दोघांनी खाल्ली. ह्यांनी बोटं चाटली, त्यांना काही कळत नाही. वाटी मी घासून पुसून ठेवली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, लहानपणापासून हेच शिकले. साखर भरली आणि परत डब्यात ओतली. सकाळी चिवडा भरला, तोही ओतला. घरच्या माणसाच्या वाटीत कोणी काही भरून नेत नाही. ती रिकामीच त्यांच्या हातात द्यावी असं फार वाटतं, पण त्या काय समजतील, ते कळत नाही. वाटी अजून ओट्यावरच आहे.