लवकर पोचल्याची शिक्षा

माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर सांगत हिंडतो. साहेबांच्या स्कूटरला आपली समजून मारलेल्या पंधरा किका असोत, की कुलूप लावून किल्ली आतच ठेवणं असो — बायकोला सगळ्या पाठ आहेत, मी मध्येच अडखळलो तर पुढचं वाक्य तीच पुरवते. पण ही एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. हसण्यासारखं या गोष्टीत पुष्कळ आहे. पण हसून झाल्यावर खाली काय उरतं, ते मला माहीत आहे ना!

नव्वदच्या दशकात मी सुरतेत बँकेत कारकून होतो, आणि एका हौशी मोटरस्पोर्ट क्लबाचा सभासद. हे ऐकून डोळ्यांपुढे जे काही आलं असेल, ते पुसून टाका. पंधरावीस माणसं, त्यांच्या फटफट्या आणि स्कूटरी, आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी उधन्याहून निघून सचिनमार्गे कामरेजपर्यंत रॅली. वेगाची शर्यत नव्हेच ती. ठरवून दिलेल्या वेळी वाटेतल्या आमच्या प्रत्येक तपासणी-चौकीवर पोचायचं. एकानं चालवायचं, मागच्यानं कागद आणि घड्याळ बघून सांगायचं. मिनिटभर उशीर झाला तर एक गुण जाणार. मिनिटभर लवकर आलात, तर दोन! हे ज्याला माहीत नाही तो गाडी पिटाळणार, आणि थेट तळाला जाणार.

तळाला जाणाऱ्यानं कामरेजला सगळ्यांना लोचो — हरभराडाळीचा तो वाफाळता सुरती नाश्ता — वाढायचा, अशी आमची रीत. "आवो आवो, छेल्ला शेठ!" असं आमचे प्रमुख हसमुखभाई ओरडायचे. छेल्ला म्हणजे शेवटचा. तीन वर्षं बहुतेक वेळा तो शेठ मी होतो. माझ्या मागे बसायलाच कुणी तयार नसे — मीच चालवायचो, मीच घड्याळ बघायचो, आणि दोन्ही चुकवायचो.

क्लबाला नवी माणसं हवी होती. यायची, पण एकदाच. उधन्याच्या यंत्रमागांवर काम करणारी आपली खानदेशी मंडळी मी मोठमोठी भाषणं ठोकून आणायचो. नियम छापलेले नव्हते, सुरुवातीला तोंडी सांगत. गुजरातीत हसमुखभाई, मराठीत मी.

आणि मी — कसं सांगू? — तो दोन गुणांचा नियम सांगतच नसे.

पहिल्यांदा खरोखर विसरलो. त्या दिवशी तीन नवे गडी माझ्या खाली गेले आणि लोचोचा द्रोण मला बसल्या जागी आयता मिळाला. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा आठवत होतं. कुणी तक्रार केलीच तर "सांगितलं होतं की, गडबडीत ऐकलं नसेल" म्हणायचो. वर, नवे का टिकत नाहीत यावर बैठक झाली तेव्हा, हल्लीच्या माणसांत चिकाटीच नाही, हे टेबल आपटून सांगणारा कोण? मीच.

मग भास्कर आला. मागांचा फिटर. मागे बसायला बायकोला घेऊन आला — कमलवहिनी. आमच्यात तोवर एकही बाई नव्हती. सातवी शिकलेली, नवऱ्याचं घड्याळ मनगटावर सैल होत होतं म्हणून रुमालानं बांधलेलं. मी नियम सांगितले तेव्हा भास्कर चाकात हवा भरायला गेला होता. वहिनी एकट्याच ऐकत होत्या, माझ्याकडे टक लावून.

प्रत्येक चौकीवर दोघं दहा-दहा मिनिटं आधी पोचले. कामरेजला तर हसतच उतरले — पहिलेच आलो म्हणून! हसमुखभाईंनी गुण वाचले. भास्करचा चेहरा उतरला. "असा नियम कुणी सांगितलाच नाही," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "सांगितला होता. वहिनींचं लक्ष नसेल."

भास्कर तिच्याकडे वळला. "ऐकाले तू व्हती ना तठे?"

ती काय म्हणाली असेल? मला वाटलं, आता हा बुवा खोटं बोलतोय म्हणून सांगेल. तिनं घड्याळावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "मन्हंच ध्यान नव्हतं," ती म्हणाली.

मग पदर खोचून तिनं सगळ्यांना लोचो वाढला. मान वर न करता. माझ्या द्रोणात चमचाभर जास्तच पडला. मी तो खाल्ला. चवीनं खाल्ला, हे लपवत नाही.

ती जोडी पुन्हा दिसायची नाही, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या महिन्यात वहिनी हजर. मुलाची अर्धी भरलेली वही आणि पेन्सिल घेऊन. भास्कर जरा लांब, गाडीपाशी उभा. "हाई शेवटलं, असं म्हणतस ते," त्याच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "सांगा भाऊ, या टायमाला लिखी घेस." पुन्हा चुकलं, तर मागच्या सीटवरून त्या कायमच्या उतरणार होत्या.

मी सांगितलं. सगळं. दोन गुणांचं तर तीनदा. त्या दिवशी ते चौथे आले, आणि मी माझ्या हक्काच्या जागी परतलो.

त्यानंतर मी कुणापुढेही तो नियम गिळला नाही. माणसं टिकू लागली. उधन्याची तर रांग लागली, आणखी दोन बायका आल्या. नवे सभासद टिकवल्याबद्दल क्लबानं मला शाल आणि नारळ दिला. मी घेतलासुद्धा.

आणि दर महिन्याला, नवी माणसं बिचकली की कमलवहिनी त्यांना धीर द्यायच्या. "घाबरू नका. मी पहिल्या दिवशी तळाला गेले होते. भाऊंनी एवढं नीट सांगितलं होतं, माझंच ध्यान नव्हतं!" सगळे हसायचे. नव्यांचे चेहरे मोकळे व्हायचे, गाड्यांना किका बसायच्या. त्या वाक्यानं माझ्या साऱ्या भाषणांपेक्षा जास्त माणसं धरून ठेवली.

तिचं ध्यान होतं. मी सांगितलंच नव्हतं. ती हे बोलायची तेव्हा मी तिथंच, दोन हातांवर, इतरांबरोबर हसत उभा असायचो.