हौदाकडे गेलेला नंदी

१९५८ सालचा तान्हा पोळा. गोंदियातल्या जुन्या सार्वजनिक बागेत लाकडी नंदी घेऊन आलेल्या पोरांची गर्दी आवरायला मी फाटकावर उभी होते. पोलीस ठाण्यात बाई शिपाई मी एकटीच, त्यामुळे असली कामं माझ्याकडेच यायची. त्या दिवशी बसलेला धक्का नोकरी संपली तरी ओसरलेला नाही.

दुपारी फुलचूर गावचे एक शेतकरी धापा टाकत आले. धाकट्या भावाचा चार वर्षांचा मुलगा झोपाळ्याजवळून नाहीसा झाला होता. भाऊ शेतावर होता. भावजय हनुवटीपर्यंत पदर ओढून मागे उभी. तक्रार त्यांनी दिली, मुलाचं वर्णनही त्यांनीच सांगितलं. तेवढ्यात एका चणेवाल्यानं खबर दिली, पोरगा फुगेवाल्याच्या मागे लागला होता.

झालं. बागेतला शोध थांबला. फुगेवाल्याला ठाण्यात आणून हवालदारांनी दोन कानाखाली दिल्या. तो एकच सांगत राहिला, "साहब, फुग्गा दिया, बस."

दीर-भावजयीलाही ठाण्यात आणलं होतं. मी त्या आईकडे पाहत होते. ना रडणं, ना विचारणं. नजर भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, पाठीवर. पाणी द्यायच्या निमित्तानं मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. ती लगेच बोलली.

"नंदीले पाणी पाजाले हौदाकडे गेला जी. मी पायलं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"भासरे समोर होते. त्यायच्यापुढं कशी बोलू?"

ती त्याच्यामागे जायला उठली होती, तर बाईमाणसानं गर्दीत फिरू नये म्हणून त्यांनीच तिला खाली बसवलं होतं.

मी पळत सुटले. हरणांच्या कुंपणामागे कारंज्याचा जुना हौद होता, झाकण अर्धं तुटलेलं. आत पोरगा गळ्याइतक्या पाण्यात नळाला बिलगून उभा होता. ओठ निळे पडले होते, आवाज बसला होता. नंदी पाण्यावर तरंगत होता.

मुलाला दवाखान्यात पोचवून परतले, तेव्हा फुगेवाला ठाण्याच्या खिडकीच्या गजांना बांधलेले सुरकुतलेले फुगे सोडत होता. त्याची माफी कोणी मागितली नाही.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. ही लपवत नव्हती. आम्हीच तिला चुकीच्या माणसासमोर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलचूरला गेले. भासऱ्यांना अंगणात बसायला सांगितलं, दार लावलं आणि तिचा जबाब घेतला. पहिला प्रश्न तिच्या नावाचा. आदल्या दिवशी ते कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा.