मामंजींचा डोंगर

आमच्या ह्यांचा जन्म मोजणी कार्यालयात नकाशे काढण्यात गेला. रेघ केसभर जाड झाली तरी घशाखाली घास उतरायचा नाही. निवृत्त झाल्यावर कॅमेरा हाती आला आणि तीच खोड डोंगरदऱ्यांच्या मागे लागली. नवी लेन्स आणली की भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचा फोटो काढायचा, मग भिंग घेऊन चारही कोपऱ्यांतली अक्षरं तपासायची. "डावा कोपरा पुसट येतोय गं!" अहो, माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं असतंत तर!

अशात मामंजी अंथरुणाला खिळले. सारी नोकरी एका डोंगराच्या कडेकडेच्या वस्त्यांना टपाल वाटण्यात गेलेली. त्यांचा एकच धोशा, "माझा डोंगर एकदा डोळे भरून बघू दे रे." डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांचीच भाषा करत होते, आणि त्यांना तिथवर नेणं शक्यच नव्हतं. झालं, ह्यांनी कंबर कसली.

फोटो काढून आणला, दाराएवढा मोठा करून पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. मामंजींनी चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. "छान आहे. पण हा माझा नव्हे."

ह्यांचा चेहरा पडला. दोष अर्थातच लेन्सचा ठरला. हलका कॅमेरा विकून धोंड्यासारखा जड आणला, वाऱ्यात हलू नये म्हणून ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगली. आता कड्यावरची गवताची काडी न् काडी मोजून घ्या! मामंजी म्हणाले, "हा तर आणखीच परका."

हे स्वयंपाकघरात आले आणि चक्क रडले. "बाबांना एवढंसुद्धा देता येत नाही मला."

दुसऱ्या दिवशी पुसायला म्हणून मी मामंजींचा चष्मा काढला, तर ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत ओरडलेच, "अगं सूनबाई, हाच! हाच तो!"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नोकरीभर त्यांना लांबचं कधी नीट दिसलंच नव्हतं. हातातला पत्ता वाचता यायचा, त्यामुळे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. चष्मा आला तो निवृत्तीनंतर, आणि तोवर डोंगर सुटला होता.

मला हसू आवरेना. "घ्या! आणा अजून एक लेन्स!"

ह्यांचा नंबरही बापावरच गेलेला. हे बापाशेजारी पलंगावर टेकले, स्वतःचा चष्मा काढून खिशात टाकला. मामंजी बोटाने दाखवू लागले, इथे चढ, इथे सायकल हातात धरायची.

"दिसतंय ना रे?"

"दिसतंय बाबा. अगदी स्पष्ट."