उभ्या विटांचे मिस्त्री

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला. कुणाविषयी लिहावं एवढं मला कळतं असं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. देवळीजवळचं आमचं घर बांधणाऱ्या मिस्त्रींचं नावही विचारायचं राहून गेलं.

आधीच्या घराचं छप्पर वादळात दोनदा उडालं होतं. या मिस्त्रींनी बांधलेली छपरं मात्र टिकली होती, म्हणून त्यांनाच काम द्या, अशी गळ मी बाबांना घातली. ते विटा उभ्या लावत आणि भिंतीत पोकळी ठेवत, म्हणजे उन्हाची धग आत पोचत नाही.

शेजारचे काका हसले, "पोकळ भिंत उंदराइले बांधून राह्यला काय, मिस्त्री?"

"उंदीर बी थंडी जागाच पाह्यते, काकाजी," थापी न थांबवता मिस्त्री म्हणाले.

घराच्या पायातून वर आणलेल्या सळयांना त्यांनी छपराच्या कैच्या, म्हणजे टिनांखालचे त्रिकोणी सांगाडे, बांधल्या. मग एकेका कैचीला ते दोन्ही हातांनी लोंबकळले. बाबा घाबरले.

"आज मी लटकतो भाऊ, उद्या हवा लटकणार हाये. तिच्याआधी मले समजलं पाह्यजे."

वाऱ्याचा जोर मी पुस्तकातून शिकतो आहे. त्यांनी तो स्वतःच्या वजनानं तपासला.

मे महिन्यात गावाकडे मोठं वादळ झालं. मी वर्ध्याच्या वसतिगृहात होतो आणि दोन दिवस फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी आईचा आला.

"काऊन घाबरतं? आपलं एक टिन हाललं नाई. तुह्या काकाजीचं छप्पर गेलं, ते आपल्याच घरी हायेत. लाइन नाई, फॅन नाई, तरी भर दुपारी घोरून राह्यले."