सदूचं जावळ

त्या चैत्रात मी मातामायीला हात जोडणं सोडून दिलं होतं. गावातल्या बायका सकाळी तांब्या घेऊन कडुनिंबाखालच्या शेंदरी दगडांवर पाणी घालायला जात, आणि मी त्याच वाटेने विहिरीवर जाताना मान दुसरीकडे वळवत असे. राग म्हणावा तर रागवायलाही समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटत नव्हतं. माझा चार वर्षांचा सदू कलकत्त्याच्या गर्दीत हरवला होता. त्याचे बाबा ब्रह्मदेशातच मागे राहिले होते. आणि मी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन तिरोड्याजवळच्या आमच्या गावी, दिराच्या घरी येऊन पडले होते. लोक भेटायला येत, दारात बसत, आणि जाताना एकच सांगत, मातामायवर भरवसा ठेव. मी मान हलवायची. मनात म्हणायची, तिचा नवस फेडायचा राहून गेला म्हणूनच तर हे सगळं झालं असेल.

नवस माझाच होता. माझं पहिलं पोर पोटातच गेलं, तेव्हा मी कबूल केलं होतं की पुढचं जगलं तर त्याचं जावळ तुझ्यापुढेच उतरवीन, तोवर त्याच्या केसांना लोखंड लावणार नाही. पुढे यांना रंगूनच्या भाताच्या गिरणीत फिटरचं काम मिळालं. गोंदियाच्या गिरणीपेक्षा पगार बरा होता, म्हणून आम्ही बोटीत बसलो, आणि सदू तिकडेच जन्मला. दरवर्षी गावी जायचं ठरे आणि दरवर्षी यांची सुट्टी हुके. हंगामात मालक सोडत नसे आणि हंगाम सरला की बोटीच्या भाड्याचं जमत नसे. असं करता करता सदूचे केस कमरेपर्यंत आले. मी रोज सकाळी तेल लावून त्याची घट्ट वेणी घालायची आणि तो रोज सकाळी रडायचा.

परक्या मुलखात सणच माणसाला धरून ठेवतात. आमच्या चाळीत गुजराथी, तेलुगू, मद्रासी, बंगाली सगळे होते, आणि दिवाळी आली की कोणाची दिवाळी कोणत्या दिवशी याचा घोळ दरवर्षी व्हायचा. शेवटी सगळे सगळ्याच दिवशी एकमेकांकडे जायचे. शेजारी पार्वतम्मा नावाची तेलुगू बाई राहायची. तिचा नवरा गोदीवर हमाल होता आणि तिला मूलबाळ नव्हतं. आमच्या घरी अनरसे झाले की ती पहिली येई, आणि तिच्याकडे काही गोड झालं की सदू न बोलावता तिच्या चुलीपाशी जाऊन बसे. खालची बर्मी फुलवाली त्याला मुलगी समजून वेणीत फूल खोचायची, आणि हे कामावरून आले की म्हणायचे, आज आपल्या घरात कोणाचं लग्न आहे? मुलीच्या बारशाला पाळण्याभोवती बसलेल्या बायकांत पार्वतम्मा मला तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "इतनी गरमी में बच्चे का सिर उबल रहा है. बाल काट दो, तुम्हारी देवी क्या यहाँ तक देखने आएगी?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते आवडलं नाही.

मग रंगूनवर जपानची विमानं आली. त्याविषयी मी फार लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. आमच्या चाळीचं एक टोक राहिलं नाही, आणि पार्वतम्माचा नवरा गोदीवरून परत आला नाही. पुरुषांना बोटीवर घेत नव्हते. यांनी आम्हा दोघींना आणि मुलांना डेकवर कसंबसं चढवलं आणि म्हणाले, "मी मागून पायी येतो. तू सदूचं जावळ उरकून घे, माझ्यासाठी थांबू नको." त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

बोटीवर मला ताप भरला. मुलगी अंगावर पीत होती म्हणून पार्वतम्माने सदूचा हात धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. कलकत्त्याला उतरलो तेव्हा तापाची माणसं एका बाजूला काढत होते. मला आणि तान्हीला दवाखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. सदूला आत येऊ दिलं नाही. पार्वतम्मा दारातून म्हणाली, "तुम ठीक हो जाओ. बच्चा मेरे पास है." मी शुद्धीवर येऊन उभी राहीपर्यंत बाहेरच्या निर्वासित छावणीतली माणसं दुसरीकडे हलवली होती. मी भेटेल त्याला विचारत सुटले, लांब वेणीचा मुलगा पाहिला का? कमरेपर्यंत वेणी, पायात काळा दोरा. अशी खूण कोण विसरेल, असं मला वाटे. एका भल्या माणसाने मला मुलांच्या छावणीत नेऊनही दाखवलं. तिथे मुलं रांगेने जेवत होती, सगळ्यांची डोकी भादरलेली. मी दारातूनच नजर फिरवली आणि म्हणाले, इथे नाही. त्या रांगेत माझा सदू होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.

गावी आल्यावर दिरांनी जे जमेल ते केलं. ते स्वतः कलकत्त्याला जाऊन आले आणि त्यांनीही वेणीचाच मुलगा विचारला, कारण मी तेच सांगितलं होतं. परत आल्यावर ओसरीत बसून म्हणाले, "वयनी, त्या मद्रासी बाईले पोट्टं नव्हतं म्हणता. मंग ती कायले आणून देईल?"  ते वाक्य माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. स्वयंपाक करताना मला दिसे, कुठल्या तरी तेलुगू गावात पार्वतम्मा सदूची वेणी घालते आहे आणि तो तिला अम्मा म्हणतो आहे. सदू मेला हे चित्र बरं की हे बरं, असाही विचार मी करत असे. आईच्या मनात असं येतं, हे लिहायला नको वाटतं, पण आलं.

कलकत्त्याहून येणाऱ्या निर्वासितांच्या गाड्या गोंदियावरून नागपूरकडे जात. गोंदियाच्या व्यापाऱ्यांनी फलाटावर भात-डाळीची आणि पाण्याची सोय केली होती. मी जमेल तेव्हा तिरोड्याहून सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला जायची आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक डब्यात डोकावून वेणी शोधायची. मुलीही पाहायची, कारण त्याला मुलगी समजून कोणी फ्रॉक घातला असेल तर? फलाटावरचे हमाल मला ओळखू लागले. मला पाहिलं की ते बाजूला होत आणि आपसांत बोलणं थांबवत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, घरी तान्हीलाही जुलाब लागले आणि काही दिवस तेही जाणं बंद पडलं.

चैत्रातल्या एका मंगळवारी जावेच्या धाकट्याचं जावळ होतं. मी जाणार नव्हते. जाऊ माझ्यापेक्षा वयाने मोठी, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. ती दारात येऊन म्हणाली, "काऊन बसून राहिली वो अशी? तुह्या पोट्ट्याचं दुःख हाय ते मले समजते. पण माह्या पोट्ट्याच्या डोक्यावर तुहा हात नको का?" मग मी उठले. कडुनिंबाखाली चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाटाचं पाणी शिंपडून जागा सारवली होती. मामाच्या मांडीवर बसून पोर किंचाळत होतं, न्हावी वस्तरा पुसत होता, आणि बायका गाणं म्हणत होत्या. पहिली बट पडली आणि कोणीतरी ती पदरात झेलली.  सगळ्या जेवायला पांगल्यावर मी त्या दगडांसमोर बसले आणि जे बोलले ते प्रार्थना म्हणून सांगायची सोय नाही. मी म्हटलं, "तुले केस पाहिजे होते ना? घेऊन टाक. पोट्टाही घेऊन टाक. कुठं ठेवायचा, कोणाजवळ ठेवायचा, ते तू पाह्य. मी आता तुले काही मागत नाही आन् काही सांगत नाही." शरणागती म्हणतात ती हीच का, मला ठाऊक नाही. मी तर भांडून दमले होते. पण त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले, आणि कलकत्त्यानंतर पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

त्यानंतर मी गोंदियाला गेले ती शोधायला नाही. फलाटावर पाणी वाटणाऱ्या एका शेठाणीबाईंनी निरोप धाडला होता की हात कमी पडतात, शोधायला येतच असाल तर घटकाभर पाणी द्या. तान्हीला जावेकडे ठेवून मी गेले. बादली आणि पितळी लोटा घेऊन मी खिडक्यांपुढून चालत होते आणि पुढे आलेल्या हातांत पाणी ओतत होते. गाडीला इंजिन बदलायचं होतं, त्यामुळे माणसं खाली उतरली होती. तेवढ्यात एक वयस्क मुसलमान गृहस्थ माझ्याजवळ आले. दाढी वाढलेली, अंगावर फाटका कुडता, आणि त्यांच्या बोटाला धरून एक पोर. ते कामठीचे विणकर होते आणि तेही रंगूनहून आले होते. अदबीने म्हणाले, "बहन, इस बच्चे को पहचानती हो? गोंदिया का है, इतना ही मालूम है. मैं यहाँ हर औरत से पूछ रहा हूँ."

मी पाहिलं. भादरलेलं डोकं, त्यावर गळवांचे डाग. तोंड सुजून पिवळं झालेलं, पाय काड्यांसारखे, पायात दोरा नाही. ते पोर माझ्याकडे पाहतही नव्हतं, बादलीकडे पाहत होतं. मी म्हटलं, "नहीं भाई. मेरे लड़के की तो लंबी चोटी है." ते म्हणाले, "अच्छा. अल्लाह तुम्हारा भी मिला दे." आणि त्यांनी मुलाला पुढे केलं, "पानी पिला दो इसको." मी लोटा वाकवला. पोराने ओंजळ धरली आणि गटागटा प्यायलं. पिऊन झाल्यावर त्याने न विचारता माझा पदर ओढला, त्यात तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि पदर तसाच हातात धरून उभं राहिलं.

परक्या बाईच्या पदराला असं कोणतंही पोर तोंड पुसत नाही. माझ्या हातातून लोटा पडला. मी खाली बसले आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि तेव्हा सुजेखाली मला माझा सदू दिसू लागला. आधी भुवया, मग वरचा ओठ. तो रडला नाही. बोलला नाही. बोलणं त्याने कधीचंच सोडलं होतं असं विणकरांनी सांगितलं. छावणीत पहिल्याच दिवशी उवा आणि खरजेपायी सगळ्या मुलांची डोकी भादरली, ते म्हणाले. हा फार ओरडला होता, आणि एक तेलुगू बाई न्हाव्याचा हात धरून भांडत होती की हे केस देवीचे आहेत, यांना हात लावू नका. तिला कोणी जुमानलं नाही. पुढच्या छावणीत तिला कॉलरा झाला. मरताना तिने पोराचा हात या विणकरांच्या हातात दिला आणि दोनदा म्हणाली, गोंदिया, गोंदिया. पुढे विणकर आणि सदू दोघेही आजारी पडले, म्हणून यायला इतका उशीर झाला. "यहाँ कोई न मिलता तो घर ले जाता," ते म्हणाले, "वहाँ मेरी बुढ़िया है." गाडीने शिटी दिली. ते सदूच्या डोक्यावर हात ठेवून डब्यात चढले. मी त्यांचं नाव विचारलं नाही. भात-डाळीचं एक पानसुद्धा त्यांच्या हाती दिलं नाही. सदूला सोडून उठणं मला त्या क्षणी जमलंच नाही.

घरी जावेने आम्हा दोघांना एकदम कवेत घेतलं आणि रडत रडत मला बोल लावले, "काखेत कळसा अन् गावाले वळसा. पोट्टा समोर आन् तू चोटी शोधून राहिली." दीर ओसरीतून उठून मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पार्वतम्माविषयी त्या घरात पुन्हा कोणी वेडंवाकडं बोललं नाही.

गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की नवस फेडायचा राहिला, पुन्हा केस वाढव आणि मातामायीपुढे उतरव. मी ऐकलं नाही. त्या बोडक्या डोक्याच्या पोराला मी तसंच दगडांपुढे बसवलं, नारळ फोडला आणि म्हटलं, तुझं तुला पोचलं असेल. कलकत्त्याच्या कुठल्या गटारात ते केस गेले, देव जाणे. मी त्यांना चार वर्षं तेल लावलं आणि ते कुठे उतरवायचे, कोणाच्या मांडीवर, कोणत्या वारी, सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यांतलं काही झालं नाही. केसांसाठी भांडली ती बाई माझ्या देवीला मानणारीही नव्हती. तिच्या नावाने मी दर चैत्रात एक नारळ वाहते. तो तिला पोचतो की नाही, हे मला कळत नाही, पण तो न वाहता मला राहवत नाही.

सदू आता शाळेत जातो. बोलायला लागायला त्याला दोन पावसाळे लागले, आणि आताही तो कमीच बोलतो. हे अजून आले नाहीत. त्यांच्याबरोबर पायी निघालेली काही माणसं आली, त्यांनी डोंगरातल्या वाटेचं सांगितलं, आणि मी ते पुरतं ऐकून घेतलं नाही. मी वाट पाहते. पण वाट पाहताना त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणत नाही, आणि ते कसे येतील हे देवीला सांगत नाही. माझ्या पोटच्या पोराला मी तोंडावर नाही म्हटलं होतं, आणि तरीही ते माझ्याच हाती आलं. तेव्हापासून दारात कोणीही उभा राहिला, भिकारी असो, वाटसरू असो, तरी मी आधी त्याला पाणी देते, आणि तो पिऊन होईपर्यंत तोंडाकडे नीट पाहत तिथेच उभी राहते.