कूलरच्या टाकीतल्या तीन बाटल्या

पस्तीस वर्षं मी बाळापूर रोडवरच्या जिनिंगमध्ये कापसाची ग्रेड ठरवली. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरायची, ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची. माझा शब्द शेवटचा असायचा. दारूला मात्र जन्मात शिवलो नव्हतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता. म्हणूनच लेकीनं पोर्तुगालहून फोनवर सांगितलं की मुलगा चांगला आहे, घरचे द्राक्षांचे मळे आहेत, वाईन काढतात, तेव्हा मी गरजलो, "दारू गाळनाऱ्याच्या घरात माही पोरगी जानार नाई!"

दीड वर्ष लेक माझ्याशी फक्त तब्येतीपुरतं बोलली. शेवटी मीच विरघळलो. हो म्हटलं. तर ती विचारते, "बाबा, मनातून म्हनता, का आईनं म्हनाले लावलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तुह्या सासऱ्याले आपल्या घरी जेवाले आन. त्यायच्या देशाची लाल वाईन मी निवडतो. मी सोता!" ती एवढंच म्हणाली, "पाहू."

त्या "पाहू"नं मी पेटलोच. महिनाभर मोबाईल हातातून सुटला नाही. बाप्पा, काय मजा आली! जमीन कशी, पाऊस किती, तोडणी कधी, सगळं आपल्या कापसासारखंच की! डोरो भागातली वाईन गडद, तुरट, जीभ धरून ठेवणारी. दाव हा भाग डोंगराळ, तिथली हलकी, आंबटसर, वासाची. आणि अलेंतेजो म्हणजे सपाट रान, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, आपल्या अकोल्याचाच सख्खा भाऊ. तिथली वाईन पिकलेली, मऊ. लेक म्हणाली, डोरोचीच ठेवा, सासरे तिथलेच आहेत, खूश होतील. मी म्हटलं, "नाई! आपल्या काळ्या मसाल्याच्या मटनावर तुरट वाईन गेली तं तोंडाची आग होईन. मऊच पायजे." तरी एखादी बिघडली तर अडायला नको म्हणून मुंबईच्या पुतण्याकडून तिन्ही भागांतली एकेक मागवली, एकाच कंपनीची.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. एप्रिल महिन्यातली अकोल्याची खोली! बायको म्हणाली, "हे खोली हाये का भट्टी?" फ्रीजमध्ये वास मरतो, हेही मी वाचलेलं. मग मला एकदम युक्ती सुचली. कूलरची टाकी! जेवणाच्या दिवशी सकाळीच तिन्ही बाटल्या पाण्यात बुडवल्या आणि स्वतःवर खूश होऊन घरभर फिरलो.

आदल्या दिवशीच घरी पोचलेले लेक आणि होणारा जावई तिच्या सासऱ्यांना आणायला स्टेशनवर गेले. मी टाकीत हात घातला. बाटल्या तिन्ही सारख्याच, हिरव्या, उघड्याबोडक्या, आणि लेबलं पाण्यावर तरंगत होती.

"माय वं!" म्हणत मी खालीच बसलो. कोणती कुठली, आता देव जाणे. बायकोनं टाकीत वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "तुमी तं ग्रेडर ना? मंग करा ग्रेड."

कापूस बोटांना कळतो. ही जिभेवर घेतल्याशिवाय कळणार नव्हती. तेवढ्यात फोन आला, गाडी आली, वीस मिनिटांत पोचतो. मी देवघराकडे पाठ केली, बुचं काढली, स्टीलच्या तीन वाट्या मांडल्या. पहिला घोट घेतला आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली गेली. डोरो! चूळ भरली. दुसरा आंबट, नाजूक, फुलांच्या वासाचा. दाव! तिसरा मऊ, पिकलेला, घशात कुठंच अडला नाही. खात्री करायला मटणाचा रस्सा चाटला आणि पुन्हा घेतला. मग आणखी एकदा. "हेच!" मी ओरडलोच. कान गरम झाले होते.

बायको म्हणाली, "बस झाली आता तपासनी."

पाहुणे आले. उंच माणूस, हात मात्र आपल्या शेतकऱ्याचेच, रापलेले. मटणाचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी ग्लास उचलला. त्यांनी घोट घेतला, बाटली फिरवून लेबल शोधलं, सापडलं नाही, पुन्हा घोट घेतला आणि काहीतरी बोलले. त्यांच्या मुलानं ते इंग्रजीत सांगितलं आणि लेकीनं आमच्या भाषेत आणलं, "ते म्हनतात, या जेवनापुढं आमच्या घरची वाईन हरली असती. हे निवडली कोनं?"

मी छाती काढून बोलणार होतो. पण लेक माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

"बाबा, जीभ दाखवा."

साठी उलटलेली, तरी मी सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढली. जांभळी पडली होती. ती ताटावरून उठली, उष्ट्या हातानंच माझ्या गळ्यात पडली आणि दीड वर्षाचं रडली.

"मनातून म्हनलं तुमी," ती म्हणाली. "मनातूनच म्हनलं."